रीस्टार्ट केला की नेट पळतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा रखडतं

"नेट रखडलंय, राऊटर बंद करून चालू कर." आमच्या घरात हे इतक्या वेळा झालं की राऊटरच्या बटणावरची खूणसुद्धा पुसून गेली. बंद करायचा, तीसपर्यंत आकडे मोजायचे, चालू करायचा, की दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर पुन्हा ते गोल चक्र आणि आतल्या खोलीतून हाक, "बाबा, पुन्हा गेलं!" खरं तर गेलेलं नसायचंच. चालू असायचं, पण रडतखडत. हा प्रकार पाच महिने चालला आणि त्यातले साडेचार महिने दोष माझाच होता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रीस्टार्टने बरं वाटतं, पण नेमकं काय बिघडलं होतं याचा पुरावा त्यात पुसला जातो. राऊटर पुन्हा सुरू होताना एका दमात बऱ्याच गोष्टी घडतात. बरेच राऊटर त्या वेळी आजूबाजूचा अंदाज घेऊन वायफायचा चॅनेल, म्हणजे बोलायचा लहरींचा छोटा पट्टा, नव्याने निवडतात. केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रं किती वेगाने बोलायचं ते पुन्हा ठरवतात. भरत आलेली मेमरी रिकामी होते, फोन-लॅपटॉप नव्याने जोडले जातात, तापलेली चिप जरा निवते. यातल्या नेमक्या कशाने गुण आला, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून नेट रखडलेलं असतानाच, बटणाला हात लावायच्या आधी, काही आकडे टिपून ठेवा. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या की बहुतेक वेळा उत्तर त्या कागदावरच दिसतं.

आधी एक नेहमीचा गोंधळ मिटवू. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोड होताना कॉम्प्युटर बऱ्याचदा मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइटने उतरत असेल तर तुमचं नेट ठणठणीत आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

आता दुखणं कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायचं. कंपनीची लाइन, राऊटर आणि राऊटरपासून तुमच्या उपकरणापर्यंतचा रस्ता, असे तीन टप्पे. ते वेगळे करायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पिंग, एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडा आणि राऊटरच्याच पत्त्याला पिंग लावा. हा पत्ता राऊटरच्या खाली चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग लावा. दोन्ही एक-दोन मिनिटं चालू द्या. विंडोजवर पिंग चार वेळांत थांबतं, ते चालू ठेवायला शेवटी एक आडवी रेघ आणि इंग्रजी टी जोडावा लागतो.

वायफायवरून राऊटरचं उत्तर साधारण दोन ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं, केबलवरून एकाच्या आत. राऊटरचंच उत्तर मध्येच ८०, ३००, १५० असं उड्या मारत असेल किंवा येतच नसेल, तर भानगड घराच्या आत आहे आणि कंपनीला फोन करून काही होणार नाही. राऊटर पटापट उत्तर देतोय आणि फक्त बाहेरचं पिंग उड्या मारतंय, तर रस्ता पुढे तुंबलाय. पाच मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय सेटिंगमध्ये शिरू नका. मी शिरलो होतो. चॅनेल बदलला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला, नवं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, सगळं एकाच संध्याकाळी, आणि शेवटी कशाने काय झालं हे मलाच कळेना.

दुसरी तपासणी केबलची. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडा आणि स्पीड टेस्ट करा. केबलवर पूर्ण वेग आणि वायफायवर कमी, तर वायफाय बघा. केबलवरही कमी, तर राऊटर किंवा लाइन. टेस्ट करताना बाकीच्या उपकरणांचं वायफाय बंद ठेवा. फोटोंचा बॅकअप गुपचूप चालू असतो आणि आपण बिचाऱ्या राऊटरला शिव्या घालत बसतो.

इथे माझ्या केबलची गोष्ट सांगतो. आमचा प्लॅन ३०० चा. फायबरचा मोडेम दाराशी, तिथून एक केबल कपाटामागून राऊटरपर्यंत. तक्रार केली की कंपनीचा माणूस यायचा, आल्या आल्या राऊटर बंद-चालू करायचा, स्पीड टेस्टवर २९० दाखवायचा आणि जायचा. त्याचंही चूक म्हणता येत नाही, त्याला दिसत होतं ते बरोबरच होतं. मी नोंदी ठेवायला लागलो तेव्हा एक गंमत दिसली. रखडलेल्या वेळचे आकडे असे होते: ९४, ९३, ९४, ९४, ९३. लाइनवर गर्दी असेल तर वेग ४० असतो, १५० असतो, कधी २१० असतो. तो दर वेळी एकाच आकड्यावर येऊन थांबत नाही.

वेग ९३ ते ९५ च्या आसपास अडकला की केबलवर संशय घ्यायचा, हे आता मी डोळे मिटून सांगतो. कारण असं. नेटवर्क केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटच्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी तार तुटली, किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर बरीच यंत्रं गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमत नाही म्हटल्यावर मुकाट १०० वर उतरतात आणि तिथेच राहतात. दिवा हिरवाच दिसतो, नेट चालूच असतं, कुठेही चूक दाखवली जात नाही. डेटा छोट्या छोट्या पाकिटांत बांधून जातो, १०० मधून त्या पाकिटांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हातात पडतात साधारण ९४.

आमच्या केबलच्या प्लगची खिट्टी तुटलेली होती. कपाटाचा खालचा खण जोरात लावला की प्लग केसभर मागे सरकायचा आणि जोड १०० वर यायची. राऊटर रीस्टार्ट केला की दोन्हीकडची बोलणी नव्याने व्हायची, तार तेवढ्यापुरती टेकलेली असायची, पुन्हा गिगाबिट. म्हणून रीस्टार्टने गुण यायचा आणि म्हणूनच तो टिकायचा नाही. नवी केबल घातली, तेव्हापासून राऊटरला हात लावलेला नाही.

ही तपासणी तुम्हीही दोन मिनिटांत करू शकता. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरचं नेट जिथून आत येतं त्या पोर्टचा, वेग बऱ्याचदा लिहिलेला असतो. लॅपटॉप केबलने जोडला असेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० हवं तिथे १०० दिसलं की केबल बदला. दोन्ही टोकांचे प्लग दाबून बघा, पण नुसतं दाबून बरं झालं म्हणून सोडून देऊ नका, ते पुन्हा होणार. नवी घेताना केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेलं आहे ना, ते बघा. भिंतीतून गेलेली केबल असेल तर आधी टोकाचे प्लग नव्याने क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून बसवून, घ्या. भिंतीच्या आत तार सहसा तुटत नाही, टोकालाच तुटते.

याच ९४ चं आणखी एक कारण आहे आणि ते फसवं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं. हा आकडा वायफायच्या दोन्ही बँडच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या, कागदावरच्या वेगांची साधारण बेरीज असतो, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. कुठलाही एक फोन दोन्हींची बेरीज करून वापरत नाही. त्याहून वाईट म्हणजे असल्या काही स्वस्त राऊटरांचे मागचे पोर्टच १०० मेगाबिटचे असतात. बाहेरून नेट आतच ९४ ने येणार, मग वायफाय कितीही दणकट असो. तांत्रिक माहितीत पोर्टपुढे १०/१००/१००० असं लिहिलेलं हवं. फक्त १०/१०० असेल तर १०० च्या वरच्या प्लॅनचे पैसे फुकट जातायत.

केबलवर सगळं ठीक निघालं, तर मग वायफाय. आणि बहुतेक घरांत दुखणं इथेच असतं.

पहिला प्रश्न, तुमचं उपकरण कुठल्या बँडवर आहे? हल्लीचे राऊटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि फोनला हवं तिकडे जाऊ देतात. फोन मात्र आळशी असतो. एकदा लांबच्या खोलीत २.४ वर गेला की राऊटरशेजारी येऊन बसला तरी तिथेच चिकटून राहतो. फोनच्या वायफायच्या तपशिलात बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर लिंक स्पीड दिसतो. तिथे ७२ किंवा १४४ दिसलं तर तुम्ही बहुधा २.४ वर आहात. हा वेग कागदावरचा असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त मिळतो, कारण वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि बराच वेळ आपली पाळी यायची वाट बघण्यात जातो. ७२ दाखवणाऱ्या फोनवर ४० मिळाले तर फोन निर्दोष आहे. यावर माझा सरळ उपाय म्हणजे दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप आणि चांगले फोन ५ वर, आणि घरातले बल्ब, प्लग, कॅमेरे वगैरे मंडळी २.४ वर. सगळं आपोआप होऊ द्यावं असं सांगणारेही आहेत, पण बिघाड शोधत असताना तरी कोण कुठे बसलंय हे आपल्या हातात हवं.

२.४ गिगाहर्ट्झवर गर्दी फार. कागदावर तिथे ११ किंवा १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न घासणारे तीनच, १, ६ आणि ११. वायफाय तपासणारं एखादं अ‍ॅप फोनवर घ्या, शेजारपाजारचे राऊटर कुठे बसलेत ते बघा आणि या तिन्हींतला कमी गर्दीचा निवडा. तीन आणि सहाच्या मध्ये जागा दिसते म्हणून चार किंवा पाच निवडू नका, मग दोन्हीकडच्यांचा त्रास होतो आणि आपणही त्यांना त्रास देतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो आणि दाट वस्तीत वेग उलट घटतो.

याच बँडवर ब्लूटूथ असतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. रोज ठरावीक वेळी दोन-तीन मिनिटं नेट अडखळत असेल तर स्वयंपाकघरात काय चाललंय ते बघा. आणखी एक चोर आहे, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. लॅपटॉपला डिस्क लावली की वायफाय मंदावतं असं दिसलं तर डिस्क लांब केबलने हातभर दूर ठेवून बघा.

५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंती त्याला जास्त जड जातात. शिवाय तिथले ५२ ते १४४ हे चॅनेल हवामानाच्या आणि इतर रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राऊटरला चॅनेल सोडावाच लागतो, आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर कान लावून बसावं लागतं. मधूनच ५ चं नाव यादीतून गायब होतं आणि एखाद्या मिनिटाने परत येतं, असं होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ मधला ठरवून द्या. वायफायच्या कोड्यांतलं मला सगळ्यात आवडणारं कोडं हेच. राऊटर अगदी निरोगी असतो, नियमाप्रमाणे वागत असतो, आणि आपण त्याला बिघडला म्हणत असतो.

जागेबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, पाण्याच्या टाकीला लागून राऊटर ठेवू नका. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत छान चालतं, उणे ७५ च्या पुढे रडगाणं. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७३ यांत दिसतो त्यापेक्षा बराच फरक आहे. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, एकाच रेडिओवर ऐकणारा आणि त्यावरच पुढे पाठवणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. आणि तो मेलेल्या कोपऱ्यात नव्हे, तिथे जाणाऱ्या वाटेच्या मध्यावर, जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे लावायचा. त्या खोलीपर्यंत केबल नेता येत असेल तर मी रिपीटरचा विचारही करणार नाही.

एक वेगळीच तक्रार असते. स्पीड टेस्ट झकास येते, तरी व्हिडिओ कॉल तुटतो, गेममध्ये लॅग येतो, आणि हे नेमकं कुणीतरी मोठी फाइल वर चढवत असताना होतं. याला बफरब्लोट म्हणतात. राऊटर किंवा मोडेम पाकिटं टाकून द्यायची नाहीत म्हणून लांबलचक रांगेत उभी करतो आणि तुमच्या कॉलचं चिमुकलं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन थांबतं. डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, म्हणून वर चढवताना खाली उतरणंही मंदावतं. तपासायचं असं: बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोड करा. २० चं पिंग ४०० झालं, तर निदान पक्कं. राऊटरमध्ये ही रांग आखूड ठेवणारं एसक्यूएम, एफक्यू कोडेल किंवा केक नावाचं सेटिंग असेल तर चालू करा आणि तिथे मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरा. थोडा वेग गमावून कॉल सुरळीत होतो. हा सौदा मला मान्य आहे.

पण याच सेटिंगची दुसरी बाजूही बघा. कधीकाळी प्लॅन ५० चा असताना क्यूओएसमध्ये (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) कुणीतरी ५० भरून ठेवलेलं असतं. प्लॅन २०० चा होतो, राऊटर इमानदारीने ५० च देत राहतो. शिवाय क्यूओएस, पालकांचं नियंत्रण किंवा कोणी किती डेटा वापरला याची मोजणी चालू केली की बऱ्याच राऊटरांत हार्डवेअरची जलद वाट बंद होते, प्रत्येक पाकीट साध्या प्रोसेसरमधून जातं आणि तो धापा टाकतो. लागत नसेल ते बंद करा.

सुरक्षेचं सेटिंग डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ हवं. जुनं टीकेआयपी राहिलेलं असेल तर वायफाय ५४ च्या वर जातच नाही. पान उघडायला वेळ लागतो पण एकदा उघडलं की सगळं भरभर, असं असेल तर डीएनएस बदलून बघा. त्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही, वाढतो असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. राऊटर हाताला चटका देत असेल तर त्याच्या अंगावरचे कपडे, वह्या, दुसरा सेट-टॉप बॉक्स काढा. आणि राऊटर आपोआपच बंद-चालू होत असेल तर त्याच्याआधी अडॅप्टर बदलून बघा. अडॅप्टर म्हातारा होतो तेव्हा जोर पडल्यावर व्होल्टेज पडतं. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनही तीच.

हे सगळं करूनही केबलवर वेग कमी आणि राऊटरचं पिंग स्वच्छ, तर मग दुखणं लाइनचं. फक्त संध्याकाळी आठ ते अकरात वेग पडत असेल तर ती गर्दी. फायबरच्या जीपॉन पद्धतीत खाली येणारे सुमारे अडीच गिगाबिट एका तंतूवरच्या अनेक घरांत, बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्या वेळी सगळेच घरी असतात. वेळ लिहिलेल्या सात दिवसांच्या नोंदी दाखवल्या तर फोनवरचा माणूस "रीस्टार्ट करून बघा" याच्या पुढे जातो. दिवसभर कधीही पडत असेल तर तंतू कुठे दुमडला आहे का बघा. फायबरला तीक्ष्ण वाक अजिबात चालत नाही. दारात चिमटला, खिळ्याला घट्ट बांधला, की प्रकाश गळतो. माणूस दुरुस्तीला आला तर त्याच्याकडच्या पॉवर मीटरवर किती डीबीएम दिसतात ते विचारा. उणे २७ ही साधारण शेवटची हद्द असते, आकडा उणे २६ असेल तर आज चाललं तरी उद्याचा भरवसा नाही. आणि त्याने आल्या आल्या राऊटरच्या बटणाकडे हात नेला, तर आधी मीटर लावायला सांगा.